रक्ताची पत्रिका

आपल्याकडे लग्नाचीं बोलणीं सुरू झालीं कीं प्रथम पत्रिका बाहेर निघतात. नाड पाहिली जाते, गण पाहिला जातो, मंगळाची चौकशी होते. त्यानंतर कुळाची, शिक्षणाची व पगाराची पाळी येते. मुलगा कोणत्या शहरीं नोकरीस आहे, राहतें घर स्वतःचें आहे कीं भाड्याचें, हेंहि हल्लीं कोणी विचारावयाचें सोडीत नाहीं. परंतु ज्या दोन जीवांच्या पोटीं उद्यां संतति व्हावयाची, त्यांच्या रक्तांत काय आहे, हा प्रश्न विचारण्याची चाल सुशिक्षित घरांतहि अजून पडलेली नाहीं. तो प्रश्न वेळीं न विचारल्यामुळें आपल्या विदर्भांत दर वर्षीं कित्येक बालकें अशा एका व्याधीसह जन्मास येतात, कीं जी त्यांना जन्मभर सोसावी लागते. त्या व्याधीचें नांव सिकलसेल. तिजविषयीं आज चार गोष्टी आपल्यापुढें मांडावयाच्या आहेत.

मी डॉक्टर नव्हें. नागपूरच्या दक्षिणेस बेसा येथें राहणारा एक निवृत्त शाळामास्तर आहें. पण या विषयांतील बरेंचसें काम समजूत पटविण्याचें आहे, आणि समजूत पटविणें हा तर आम्हां मास्तरांचा जन्माचा व्यवसाय. शिवाय बेसा हें गांव आतां गांव राहिलेलें नाहीं. शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि विदर्भाच्या अकराहि जिल्ह्यांतून, तसेंच शेजारच्या मध्यप्रदेश व छत्तीसगडमधून आलेलीं कुटुंबें येथें शेजारीं शेजारीं नांदूं लागलीं. कोणी सदनिका विकत घेण्यास आले, कोणी तिच्या भिंती बांधण्यास आले. हा आजार त्या दोघांच्याहि रक्तांत असूं शकतो. ‘हा जंगलांतल्या लोकांचा रोग आहे’ असें म्हणून शहरांतील माणसाला स्वस्थ बसतां येत नाहीं.

प्रथम रोग म्हणजे काय तें पाहूं. आपल्या रक्ताचा तांबडा रंग ज्या द्रव्यामुळें येतो त्यास हिमोग्लोबिन म्हणतात. श्वासाबरोबर आंत आलेला प्राणवायु उचलून तो शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोंचविणें हें त्याचें काम. हें द्रव्य ज्या तांबड्या पेशींत भरलेलें असतें त्या पेशी वाटोळ्या, मध्यें किंचित् दबलेल्या व अतिशय लवचिक असतात. केसाहूनहि बारीक अशा रक्तवाहिन्यांतून त्या अंग चोरून सहज निघून जातात. सिकलसेलच्या रोग्याच्या पेशीहि प्राणवायु जवळ असेपर्यंत बहुधा अशाच वागतात. परंतु प्राणवायु सोडून देतांच त्यांच्यांतील हिमोग्लोबिनचे कण एकमेकांस चिकटून त्यांच्या लांबट कांड्या बनतात, आणि मग ती पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वांकते. इंग्रजींत विळ्याला सिकल म्हणतात आणि पेशीला सेल. त्यावरून हें नांव पडलें.

अरुंद बोळांत एक बैलगाडी आडवी झाली म्हणजे मागच्या साऱ्या गाड्या अडतात. या ताठ पेशी बारीक वाहिन्यांत अडकल्या म्हणजे तसेंच होतें. पुढच्या भागास रक्त मिळत नाहीं, आणि हातापायांत, पाठींत, छातींत किंवा पोटांत असह्य कळा सुरू होतात. ही झाली पहिली पीडा. दुसरी अशी कीं, निरोगी माणसाची तांबडी पेशी सुमारें १२० दिवस टिकते, तर ही विळ्याची पेशी १० ते २० दिवसांतच फुटून जाते. जुन्या पेशी जितक्या लवकर जातात तितक्या लवकर नव्या तयार होत नाहींत. म्हणून रोगी पांढुरका दिसतो, लवकर थकतो, त्याचे डोळे पिंवळे होतात. तिसरी पीडा सर्वांत घातक. रक्तांत शिरलेल्या जंतूंना गाळून काढणारें पांथरी नांवाचें जें इंद्रिय आपल्या डाव्या बरगड्यांखालीं असतें, तें या रोगांत लहानपणींच निकामी होऊं लागतें. त्यामुळें इतर मुलांना जो जंतु एखादा आठवडा आजारी पाडील, तोच जंतु या मुलाचा एका दिवसांत प्राण घेऊं शकतो.

ज्यांनीं शाळेंत वर्षें घालविलीं आहेत त्यांना असा विद्यार्थी एकदां तरी भेटलेला असतो. महिन्यांतून चार दिवस गैरहजर, हजर असला तर खेळाच्या तासाला कोपऱ्यांत बसलेला, अंगानें किरकोळ, परीक्षेच्या ऐन वेळीं आजारी. अशा मुलाला वर्गांत आळशी म्हणतात, घरीं रडका म्हणतात, आणि आजोळीं गेला तर त्याला कोणाची तरी दृष्ट लागली असें ठरतें. त्याच्या दुखण्याचें खरें नांव कळण्यास कधीं कधीं दहा वर्षें लागतात.

आतां हा रोग ओळखला कसा गेला तें सांगतों. १९१० सालीं अमेरिकेंत शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं एका विद्यार्थ्याची हकीगत प्रसिद्ध केली. हा विद्यार्थी वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यकी शिकण्यास आला होता. त्याचें रक्त सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहतां त्यांत विळ्याच्या आकाराच्या पेशी आढळल्या. पुढें १९४९ सालीं लिनस पॉलिंग व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें कीं, दोष पेशींत नसून पेशींतील हिमोग्लोबिनच्या रेणूंतच आहे. एखादा रोग एका रेणूच्या घडणींतून उद्भवतो, हें वैद्यकशास्त्रास प्रथमच असें स्पष्ट दिसलें. १९५६ सालीं केंब्रिज येथें व्हर्नन इंग्रॅम यांनीं तो दोष नेमका कोठें आहे, तेंहि शोधून काढलें.

तो दोष किती लहान आहे पहा! हिमोग्लोबिनची एक सांखळी १४६ दुव्यांची असते. तिच्यांतील सहावा दुवा तेवढा बदललेला आहे; बाकीचे १४५ जसेच्या तसे. शुद्धलेखनाच्या एका पानांत एकच अक्षर चुकावें आणि त्यानें साऱ्या उताऱ्याचा अर्थ फिरावा, तसा हा प्रकार आहे. ही चूक वाडवडिलांकडून चालत येते. तिचा संसर्ग होत नाहीं. रोग्याच्या ताटांत जेवल्यानें, त्याच्या शेजारीं निजल्यानें किंवा त्याचे कपडे धुतल्यानें ती कोणासहि लागत नाहीं.

हिंदुस्थानांत १९५२ सालीं निलगिरीच्या डोंगरांतील जमातींत ही व्याधि प्रथम नमूद झाली. त्यानंतर सहाच वर्षांनीं, १९५८ सालीं, शुक्ला व सोळंकी या नागपूरच्या दोन डॉक्टरांनीं विलायतेंतील ‘लॅन्सेट’ या मान्यवर वैद्यकीय साप्ताहिकांत मध्यभारतांतील सिकलसेलविषयीं लेख लिहिला. म्हणजे हा रोग आपल्या भागांत आहे, हें जगाला नागपूरनें सांगितलें त्याला आतां सहा तपांजवळ काळ होत आला. आज आपणांस ठाऊक आहे कीं विदर्भांतील कित्येक आदिवासी जमाती, अनुसूचित जाती, तसेंच इतर अनेक शेतकरी व कारागीर जाती यांत त्याचें प्रमाण पुष्कळ आहे. कोणतीहि जात या बाबतींत आपण सुटलों असें खात्रीनें म्हणूं शकत नाहीं.

येथें एक प्रश्न सहजच मनांत येतो. इतकी घातक चूक पिढ्यान्‌पिढ्या टिकली कशी? जी मुलें मोठीं होण्यापूर्वींच दगावतात त्यांच्याबरोबर ती चूकहि नाहींशी व्हावयास हवी होती. या कोड्याचें उत्तर हिवतापांत, म्हणजे मलेरियांत सांपडलें. प्रत्येक मनुष्यास हिमोग्लोबिनच्या या सांखळीची आज्ञा दोन प्रतींत मिळते. एक प्रत आईकडून व एक बापाकडून. दोन्ही प्रतींत चूक असेल तर तो रोगी. एकाच प्रतींत चूक असेल तर त्यास वाहक म्हणतात. वाहक हा निरोगी माणसासारखाच असतो. १९५४ सालीं अँथनी ॲलिसन यांनीं पूर्व आफ्रिकेंतील पाहणीवरून असें दाखविलें कीं, अशा वाहक मुलांना घातक जातीच्या मलेरियापासून बरेंच संरक्षण मिळतें. ज्या रानावनांत डांसांनीं पिढ्या गारद केल्या, तेथें ज्यांच्या रक्तांत ही एक चुकीची प्रत होती तीं मुलें अधिक जगलीं व त्यांचा वंश वाढला. गोंडवनाच्या जंगलपट्ट्यांत ही व्याधि दाट आढळते याचें कारण हेंच. एका सांथीच्या रोगानें मागें ठेवलेली ही जन्मव्याधि आहे. ज्यांच्या पूर्वजांना या रक्तानें तारलें, त्यांना त्याच रक्ताबद्दल कमीपणा वाटावा किंवा इतरांनीं त्यांना हिणवावें, यांत कोणताच न्याय नाहीं.

आतां लग्नाचा हिशेब. तो फळ्यावर मांडावा इतका सोपा आहे. नवराबायकोंपैकीं एक वाहक व दुसरा पूर्ण निर्दोष असेल, तर त्यांचें एकहि मूल सिकलसेलचा रोगी होणार नाहीं. प्रत्येक मूल वाहक होण्याचा संभव मात्र निम्मा असतो. दोघेहि वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणांत चारांत एक वांटा रोगी मुलाचा, दोन वांटे वाहकाचे व एक वांटा निर्दोष मुलाचा. ‘प्रत्येक गरोदरपणांत’ हे शब्द मी मुद्दाम उच्चारले. पहिलें मूल रोगी निघालें म्हणजे पुढचीं तीन चांगलीं निघणार, असा समज पुष्कळांचा असतो. तो चुकीचा आहे. नाणें एकदां छापा पडलें म्हणून दुसऱ्यांदा कांटाच पडेल असें नसतें, तसेंच हें. येथें थॅलसेमिया या दुसऱ्या रक्तदोषाचीहि आठवण ठेविली पाहिजे. एक सिकलसेलचा वाहक व दुसरा थॅलसेमियाचा वाहक असेल, तरीहि रोगी मूल जन्मूं शकतें. म्हणून तपासणी दोन्ही दोषांची करावी.

यावरून काय ठरतें? वाहक मुलीचें लग्न मोडण्यास कांहींच कारण नाहीं, आणि वाहक मुलाचेंहि नाहीं. पाहावयाचें इतकेंच कीं दुसरी बाजूहि वाहक आहे काय. परंतु आपल्या समाजाची रीत अशी कीं, तपासणींत कांहीं निघालें कीं प्रथम मुलीकडे बोट जातें. ‘तिच्या घराण्यांत रोग आहे’ असें म्हटलें जातें, आणि मुलाच्या रक्ताची परीक्षा करण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. रोगी मूल जन्मास येण्यास आई व बाप या दोघांचा वांटा सारखाच लागतो, हें घराघरांतून सांगितलें गेलें पाहिजे. लोक तपासणीला भितात तें सुईपेक्षां या बोलण्यालाच अधिक. दोघेहि वाहक असून त्यांचें लग्न आधींच झालें असेल, तर गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारासच गर्भाची परीक्षा करतां येते. तिच्यावरून काय ठरवावयाचें तें त्या पतिपत्नींनीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें ठरवावें. सासूसासऱ्यांनीं किंवा शेजाऱ्यांनीं त्यांत पडूं नये.

तपासणीविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. गांवोगांवच्या शिबिरांतून जी प्राथमिक परीक्षा करतात, तींत रक्ताचा थेंब एका द्रावणांत टाकून तें गढूळ होतें कीं काय हें पाहतात. तिच्यानें सिकलसेल आहे एवढें कळतें. तो मनुष्य वाहक आहे कीं रोगी, हें कळत नाहीं. त्यासाठीं रक्त प्रयोगशाळेंत पाठवून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करावे लागतात. या दुसऱ्या परीक्षेचा निकाल हातीं आल्याशिवाय स्वस्थ बसूं नये. सहा महिन्यांच्या आंतील बाळाला तर पहिली परीक्षा उपयोगाचीच नाहीं. याचें कारण पुढील संशोधनाशीं जोडलेलें आहे.

गर्भांतील बालकाचें हिमोग्लोबिन निराळ्या घडणीचें असतें, आणि जन्मानंतर तें हळूहळू जाऊन त्याच्या जागीं मोठ्या माणसाचें हिमोग्लोबिन येतें. १९४८ सालीं न्यूयॉर्कमधील जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंच्या ध्यानांत आलें कीं, सिकलसेल असलेलीं मुलें पहिले कांहीं महिने अगदीं ठीक असतात. त्यांनीं तर्क केला कीं गर्भावस्थेंतील तें हिमोग्लोबिनच त्यांचें रक्षण करीत असावें. तर्क खरा निघाला. मग शास्त्रज्ञांनीं असें औषध शोधण्यास प्रारंभ केला, कीं ज्यानें हें बाळपणींचें हिमोग्लोबिन पुन्हां वाढेल. तें औषध कपाटांतच होतें. हायड्रॉक्सियुरिया नांवाचें हें द्रव्य एकोणिसाव्या शतकांत तयार झालेलें, पुढें रक्ताच्या कर्करोगावर वापरांत आलेलें. १९९५ सालीं अमेरिकेंतील मोठ्या पाहणीनें सिद्ध झालें कीं, त्या गोळीनें प्रौढ रोग्यांच्या कळांचे झटके जवळजवळ निम्म्यावर येतात.

आपल्याकडे मात्र बराच काळ एक समज प्रचलित होता. हिंदुस्थानांतील व अरबस्तानांतील सिकलसेलच्या रोग्यांत हें बाळपणींचें हिमोग्लोबिन मुळांतच कांहींसें अधिक असतें. तेव्हां आपला रोग सौम्य आहे, आफ्रिकेसारखा उग्र नाहीं, असें म्हटलें जाई. या समजाची परीक्षा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत झाली. आम्ही नागपूरकर ज्याला नुसतें ‘मेडिकल’ म्हणतों, तीच ही १९४७ सालीं स्थापन झालेली संस्था. तेथील बालरोग विभागांत डॉक्टर दीप्ती जैन व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईच्या संशोधकांच्या साह्यानें, वाहक मातांच्या पोटीं जन्मलेल्या दोन हजारांहून अधिक अर्भकांची तपासणी केली, आणि त्यांत सांपडलेल्या शंभरावर रोगी बाळांपैकीं अनेकांवर पुढें लक्ष ठेविलें. ही पाहणी २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यावरून दिसलें कीं, आपल्या मध्यभारतांतील कित्येक मुलांना हा रोग लहानपणींच तीव्रपणें भोगावा लागतो. सौम्यतेचा समज बाळगून स्वस्थ राहणें परवडणारें नाहीं.

त्याच विभागांतून २०१२ सालीं दुसरी एक पाहणी प्रसिद्ध झाली, ती तर मला फारच मोलाची वाटते. ज्यांना वारंवार तीव्र झटके येत अशीं ६० मुलें निवडलीं. निम्म्यांना हायड्रॉक्सियुरिया दिलें व निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी दिली. औषधाचें प्रमाण परदेशांतील चालीपेक्षां पुष्कळ कमी ठेविलें होतें, वजनाच्या दर किलोस रोज १० मिलिग्रॅम. दीड वर्षानंतर पाहतां, ज्यांना पूर्वीं वर्षाकाठीं सरासरी बारा झटके येत, त्या औषध घेतलेल्या मुलांना वर्षास सरासरी एकहि पुरता येईना. दुसऱ्या गटांत फारसा फरक पडला नाहीं. या प्रयोगाचें महत्त्व काय तें लक्षांत घ्या. औषध जितकें कमी, तितका खर्च कमी, उपद्रवाची भीति कमी, आणि गरिबाच्या मुलास तें वर्षानुवर्षें घेणें तितकेंच सोपें.

जंतूंपासून संरक्षण करण्याचाहि मार्ग सांपडला आहे. १९८६ सालीं अमेरिकेंत २१५ लहान मुलांवर केलेल्या प्रयोगांत, रोज दोन वेळां पेनिसिलिनची गोळी घेणाऱ्यांत न्यूमोकोकस या जंतूच्या घातक आजाराचें प्रमाण ८४ टक्क्यांनीं कमी झालें. निकाल इतका स्पष्ट होता कीं, प्रयोग मुदतीपूर्वींच थांबवून सर्वच मुलांना औषध सुरू केलें गेलें. या जंतूवरची लस आपल्या सरकारी लसीकरणांत २०१७ पासून टप्प्याटप्प्यानें आली व २०२१ सालीं साऱ्या देशांत सुरू झाली. पेनिसिलिन हें किती जुनें आणि किती स्वस्त औषध! परंतु त्याचा उपयोग व्हावयाचा तर मूल रोगी आहे हें त्याच्या जन्माच्या वेळींच कळलें पाहिजे. पांचव्या वर्षीं कळून काय उपयोग? ज्या वर्षांत धोका सर्वांत मोठा, तीं वर्षें निघून गेलेलीं असतात.

श्रोते हो, येथें माझ्या भाषणाचा मुख्य मुद्दा येतो. रोगाचें ज्ञान आहे, औषध आहे, आणि त्याच्या प्रमाणाचा अभ्यास खुद्द आपल्या शहरांत झालेला आहे. असें असूनहि मुलें कां दगावतात? तर औषध व रोगी यांच्यामध्यें अंतर आहे म्हणून. भामरागड किंवा एटापल्लीच्या बाजूचें एखादें खेडें डोळ्यांपुढें आणा. पावसाळ्यांत पर्लकोटा नदीला पूर आला कीं भामरागडचा बाहेरच्या जगाशीं संबंध तुटतो, असा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. ही गोळी एकदां घेऊन संपत नाहीं. ती रोज घ्यावयाची, जन्मभर घ्यावयाची. तिच्यामुळें रक्तांतील पेशी फार कमी तर झाल्या नाहींत ना, हें पाहण्यासाठीं अधूनमधून रक्त तपासावयाचें. म्हणजे प्रत्येक खेपेस बापाची मजुरी बुडणार, मोटारीचें भाडें पडणार, घरीं दुसरीं मुलें एकटीं राहणार. दोन खेपा होतात, तिसरी चुकते. गोळ्या संपतात, आणि झटका येतो तेव्हां मूल खाटेवर घालून शहराकडे धांव घेतली जाते. जी गोष्ट गांवच्या आरोग्य केंद्रांत कांहीं रुपयांत भागली असती, तिच्यासाठीं कर्ज काढावें लागतें.

हें अंतर कमी करण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. नागपूरच्या सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेचे संस्थापक संपत रामटेके यांनीं या रोग्यांचा प्रश्न आयुष्यभर सरकारदरबारीं मांडला. २०१८ सालीं त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यांत आली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत सिकलसेलचा समावेश झाला. चंद्रपूर येथें रक्तदोषांच्या संशोधनाचें व उपचाराचें केंद्र ११ डिसेंबर २०२२ रोजीं राष्ट्राला अर्पण झालें, आणि त्याच दिवशीं बेशापासून जवळच मिहानमध्यें असलेल्या एम्स रुग्णालयाचेंहि उद्घाटन झालें. पुढें १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांत शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करावी व २०४७ पर्यंत हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहूं नये, असा तिचा संकल्प आहे. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींच्या आसपास तपासण्या झाल्या आणि त्यांत दोन लाखांहून अधिक रोगी आढळले. काम मोठें झालें यांत शंका नाहीं. पण तपासणी ही शाळेंतील हजेरीसारखी आहे. हजेरी घेतली म्हणजे धडा शिकविला असें होत नाहीं. त्या दोन लाखांतील प्रत्येकाच्या हातीं दर महिन्यास गोळी पडते कीं नाहीं, हीच खरी परीक्षा.

दरम्यान शास्त्र पुढें गेलेंच आहे. २०२३ च्या अखेरीस विलायतेंत व अमेरिकेंत अशा उपचारास मान्यता मिळाली, कीं ज्यांत रोग्याच्या अस्थींतील मगज-पेशी बाहेर काढून त्यांच्या आनुवंशिक आज्ञांत दुरुस्ती करतात व त्या पुन्हां शरीरांत सोडतात. मनुष्यबुद्धीचा हा मोठा विजय होय. त्याची अमेरिकेंतील किंमत एका रोग्यामागें २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांहून अधिक ठरली. आपल्या देशांतील शास्त्रज्ञहि असा उपचार स्वस्तांत तयार करण्याच्या उद्योगांत आहेत, आणि त्यांना यश येवो. परंतु तो दिवस येईपर्यंत मुलांना वांचवील तें पेनिसिलिन, लस, साधी गोळी आणि जवळचा दवाखाना.

आतां आपण, म्हणजे शहरांतील चार बुकें शिकलेल्या घरांनीं, काय करावें? ज्या घरांत हा रोगी आहे तेथें ताप हें संकट समजावें. ‘उद्यां पाहूं’ असें न म्हणतां त्याच दिवशीं, रात्र असली तरी रात्रीं, मुलास रुग्णालयांत न्यावें. नागपूरच्या उन्हाळ्यांत त्यास वारंवार पाणी पाजावें आणि हिवाळ्यांत ऊब द्यावी. कारण शरीरांतील पाणी कमी झालें किंवा थंडी बाधली तरीहि कळा सुरू होतात. चेहरा पांढुरका दिसतो म्हणून बाजारांतून लोहाचें टॉनिक आणून पाजूं नये; पेशी फुटून लोह शरीरांतच सांचत असतें, म्हणून तें डॉक्टरांनीं सांगितल्यावांचून देऊं नये. शिक्षकांनीं अशा मुलास तासाला पाणी पिण्याची व लघवीस जाण्याची मोकळीक द्यावी, आणि झटक्यानें बुडालेला अभ्यास भरून काढण्यास हात द्यावा.

आपल्या घरीं धुणींभांडीं करणारी बाई किंवा इमारतीचा पहारेकरी मुलाला घेऊन मेडिकलला जाण्यासाठीं रजा मागत असेल, तर ती पगारासह द्यावी. सरकार औषध फुकट देतें. दवाखान्यांत जाण्याचा दिवस मात्र त्या माउलीला विकतच घ्यावा लागतो, आणि तो तिला देणें आपल्या हातांत आहे. ज्यांची प्रकृति चांगली आहे त्यांनीं वर्षांतून एकदोनदां रक्तदान करावें, विशेषतः उन्हाळ्यांत. कारण कॉलेजें बंद पडतात तेव्हां रक्तपेढ्यांतील रक्त आटतें, आणि या रोग्यांना तें अचानक लागतें.

राहतां राहिली गोष्ट लग्नाची. मुलामुलींची तपासणी पत्रिका पाहण्याच्या वेळेपर्यंत लांबवूं नये. बोलणीं सुरू झाल्यावर निघालेला निकाल लपविण्याकडे मन जातें. कॉलेजांत असतांनाच कळलेला निकाल मनुष्य शांतपणें ऐकतो व लक्षांत ठेवतो. आपला रक्तगट जसा तोंडपाठ असतो, तसेंच आपण वाहक आहों कीं नाहीं हेंहि प्रत्येकास ठाऊक असावें. सरकारी रुग्णालयांत ही सोय आहे. आपल्या घरांत सोळा-सतरा वर्षांवरील मुलें असतील तर या महिन्यांतच त्यांना तेथें पाठवावें, आणि निकालाचा कागद जन्मपत्रिकेच्या शेजारीं नीट जपून ठेवावा, इतकी विनंति करून मी आपली रजा घेतों.